ऑनलाइन ओळख, मन मोकळं करणं आणि त्यातून जुळणारी (किंवा फसणारी) नाती: सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फिरून फिरून येतात, कधी सरळ, कधी "माझ्या एका मित्राचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून, त्यामुळे एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सुरुवातीचे सोपे आहेत, खाली जाल तसे अवघड होत जातात. एखादी गोष्ट आधीच येऊन गेली असेल तर परत लिहीत बसलो नाहीये, त्या प्रश्नाचा नंबर दिलाय. "तो" लिहिलंय तिथे "ती" पण धरा.

१. सेल्फ-डिस्क्लोजर म्हणजे नक्की काय? नाव, गाव, नोकरी सांगितली की झालं ना?

नाही झालं. तुम्ही स्वतःहून सांगितल्याशिवाय समोरच्याला जे कळलंच नसतं ते सांगणं म्हणजे सेल्फ-डिस्क्लोजर. नोकरी कुठे करता ते लिंक्डइनवर पण असतं, पण "ही नोकरी मला अजिबात झेपत नाहीये, फ्लॅटचे हप्ते आहेत म्हणून टिकून आहे" हे तुम्ही बोलाल तेव्हाच कळतं. सिडनी जूरार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५८ च्या सुमारास लोक कुणाला किती सांगतात हे मोजायला सुरुवात केली, आणि १९७३ मध्ये अर्विन ऑल्टमन आणि डॅलमस टेलर यांनी मांडलं की नातं दोन बाजूंनी वाढतं: किती विषयांवर बोलता, आणि एकेका विषयात किती खोल जाता. ऑफिसमधल्या कलीगशी शंभर विषयांवर बोलणं होतं पण खोली शून्य. ऑनलाइन बरेचदा याच्या बरोबर उलटं होतं, एका विषयात माणूस थेट तळाला जातो (ब्रेकअप, वडिलांशी तुटलेलं बोलणं, पीसीओडी, काहीही) आणि बाकी तो घरात कसा वागतो, कुणावर कसा चिडतो याचा पत्ता नसतो. हे डोक्यात ठेवा, खाली सारखं लागणार आहे.

२. सख्ख्या बहिणीला कधी बोलले नाही ते चॅटवर एका अनोळखी मुलाला दोन दिवसांत सांगून टाकलं. मला काही झालंय का?

काही झालेलं नाहीये, बहुतेकांचं असंच होतं.

अनोळखी माणसाजवळ मन मोकळं होणं इंटरनेटच्या फार आधीचं आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला लोक कधीकधी अशा गोष्टी सांगतात ज्या जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या असतात. कोकण रेल्वेत रत्नागिरीपर्यंत शेजारी बसलेल्या काकूंना सुनेचं सगळं ऐकवून होतं तसंच हे, कारण त्या उतरून जाणार असतात आणि त्यांची-आपली ओळखीची माणसं वेगळी. बहिणीला सांगितलं की ते आईपर्यंत जाणार, दिवाळीला सगळ्यांच्या नजरा बदलणार, आणि तुम्ही "तशी" म्हणून कायमच्या फिक्स होणार.

ऑनलाइन त्यात अजून चार-पाच गोष्टींची भर पडते. जॉन सुलर याने २००४ मध्ये यावर लिहिलं, आणि "ऑनलाइन डिसइन्हिबिशन" (ऑनलाइन आल्यावर संकोच गळून पडणं) हा शब्द तेव्हापासून रुळला. समोरच्याला आपलं तोंड दिसत नाही, आपल्याला त्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही. उत्तर लगेच यायलाच हवं असं नसतं, म्हणजे बॉम्ब टाकून फोन उलटा ठेवून झोपता येतं. आणि मला सगळ्यात भारी वाटणारा मुद्दा म्हणजे, मेसेज वाचताना त्याचा आवाज आपल्याच डोक्यात वाजतो, आपण त्याला आपल्याला हवा तसा सूर देतो आणि हळूहळू तो माणूस अर्धा आपणच बनवलेला असतो. सुलरने हेही सांगितलंय की याच मोकळेपणातून शिवीगाळ आणि ट्रोलिंग पण येतं, म्हणजे रात्री एक वाजता मन मोकळं करणारा आणि कमेंटमध्ये आईबहिणीवर जाणारा, दोघांची कुलपं एकाच किल्लीने उघडलेली असतात.

अॅडम जॉइन्सन याने २००१ मध्ये प्रयोग करून बघितलं. दोन अनोळखी माणसं समोरासमोर बोलण्यापेक्षा टाइप करून बोलताना स्वतःबद्दल जास्त सांगतात, आणि मध्ये कॅमेरा लावला की ते प्रमाण खाली येतं. चेहरा दिसला की माणूस सावध होतो, इतकं साधं आहे ते.

३. मग चार दिवसांत जी जवळीक वाटते ती खरी का नुसता भास?

वाटणं खरं आहे. त्यावरून जो अर्थ काढला जातो तिथे गडबड आहे.

आपण सांगतो तेव्हा हलकं वाटतं, आणि ते हलकं वाटण्याचं क्रेडिट आपण समोरच्याला देऊन टाकतो. पण जेम्स पेनेबेकर याने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं, आणि ज्यांनी प्रसंगासोबत मनातलं पण लिहिलं ते लिहिल्या लिहिल्या उदास झाले तरी पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. तिथे ऐकणारं, "काळजी घे गं" म्हणणारं कुणीच नव्हतं. म्हणजे बरं वाटण्यातला बराचसा भाग नुसत्या लिहिण्याचा असतो. तुम्ही त्याला खूप सांगितलंय एवढंच सिद्ध झालं, तुम्ही त्याला ओळखता हे अजून सिद्ध व्हायचंय. ऑनलाइन सांगणं पळत सुटतं आणि ओळखणं मागून चालत येतं, बहुतेक सगळा घोळ या दोघांमधल्या अंतरात होतो.

दुसरं म्हणजे जोसेफ वॉल्थर याने १९९६ मध्ये मांडलेली "हायपरपर्सनल" कल्पना. टेक्स्टवरची जवळीक कधीकधी समोरासमोरच्या जवळिकीपेक्षा पण जास्त होते, कारण लिहिणारा विचार करून, खोडून, स्वतःची चांगली बाजू पाठवतो, वाचणारा रिकाम्या जागा कौतुकाने भरतो, मग त्या कौतुकाला जागायला लिहिणारा अजून गोड होतो, आणि हे चाक फिरत राहतं. यात कुणी खोटं बोलत असेलच असं नाही, दोघंही प्रामाणिक असतात आणि तरी फुगा फुगतो.

पण "ऑनलाइन प्रेम म्हणजे टाइमपास" हेही चूक. कॅटलिन मॅकेना आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात ऑनलाइन जुळलेल्या नात्यांमधली बहुतेक दोन वर्षांनी पण टिकलेली होती. अमेरिकेत तर २०१७ मध्ये भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी साधारण ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली, हा मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा आकडा.

४. त्याने त्याचं सगळं सांगितलं. आता मी गप्प राहिले तर बरं दिसत नाही, पण मला एवढ्यात सांगायचं नाहीये.

मग नका सांगू. समोरच्याने सांगितलं की आपल्यालाही सांगावंसं वाटणं हे इतकं पक्कं आहे की जूरार्डने त्याला वेगळं नावच दिलंय, "डायॅडिक इफेक्ट". वाणाच्या ताटात वाण परत जातं तसा दबाव असतो तो. सहसा चांगलाच असतो, विश्वास त्यातूनच वाढतो, पण ऐकून घेतल्याची परतफेड ऐकण्यानेच होते, स्वतःचं काहीतरी काढून दिलंच पाहिजे असं नाही. "तू हे सांगितलंस हे मला महत्त्वाचं वाटतं, माझं मी सांगेन पण अजून वेळ लागेल" एवढं पुरतं, आणि यावर जो रुसतो किंवा "म्हणजे तुझा विश्वास नाही का माझ्यावर" सुरू करतो त्याच्याबद्दल तुम्हाला फुकटात बरीच माहिती मिळाली (प्रश्न १२ पण वाचा).

एक प्रॅक्टिकल गोष्ट: सुझन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की थोडं तू थोडं मी असं आलटून पालटून सांगणारे एकमेकांना जास्त आवडतात, एकाने आधी सगळं ओतायचं आणि मग दुसऱ्याची पाळी, असं केलं तर तितके नाही. तेव्हा अडीच पानांचा मेसेज पाठवून "आता तू सांग" म्हणायची सवय असेल तर सोडा.

५. किती दिवसांनी किती सांगायचं याचा काही फॉर्म्युला आहे का?

दिवस मोजून नाही. क्रम मात्र असतो.

आर्थर अॅरन याने १९९७ मध्ये ३६ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली, जी नंतर "हे प्रश्न विचारा आणि प्रेमात पडा" म्हणून जगभर फिरली. प्रयोग प्रेमाचा नव्हताच, दोन अनोळखी माणसांमध्ये ४५ मिनिटांत तात्पुरती जवळीक तयार करता येते का एवढं बघायचं होतं, आणि ती झाली. प्रश्नांची तीन गटांत चढती भाजणी आहे, पहिला जेवायला कुणाला बोलवाल असा हलका, आणि शेवटाकडे घरच्यांपैकी कुणाचं मरण सगळ्यात जास्त त्रास देईल इथपर्यंत. शेवटचा गट पहिल्यांदा विचारला असता तर माणूस उठून गेला असता.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: ज्या गोष्टीवर समोरच्याने चुकीची रिअॅक्शन दिली तर तुमची रात्र खराब होईल ती आज सांगा, ज्या गोष्टीवर वर्ष खराब होईल ती आज नाही. आणि रात्री बारानंतर टाइप केलेलं ड्राफ्टमध्ये ठेवून सकाळी चहा घेताना वाचा, अर्धं तुम्हीच खोडाल.

६. मी मनातलं सगळं लिहिलं आणि त्याने नुसतं "हम्म" पाठवलं. याचा काय अर्थ?

एका "हम्म"चा काही अर्थ काढू नका, माणूस लोकलमध्ये लटकलेला असू शकतो. पंधरा "हम्म" झाले तर काढा.

हॅरी राइस आणि फिलिप शेव्हर यांनी १९८८ मध्ये जे मांडलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात कामाचं वाटतं: सांगितल्याने जवळीक होत नाही, सांगितल्यावर समोरच्याने जे केलं त्याने होते. त्याला कळलं का, त्याने त्याची किंमत ठेवली का, त्याला तुमची काळजी वाटली का, असं तुम्हाला वाटलं पाहिजे. हे ओळखायचं सोपं लक्षण म्हणजे तो पुढचा प्रश्न विचारतो का. कॅरेन हुआंग आणि हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, त्यातही आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी. "बाबा आजारी आहेत" यावर "ओह, गेट वेल सून" आणि "कधीपासून? तू एकटीच बघतेयस का सगळं?" यातला फरक वेगळा समजावून सांगायला नको. आणि दोन आठवड्यांनी तो स्वतःहून "बाबा कसे आहेत" विचारत असेल तर त्याचे तीनचार "हम्म" माफ.

७. मॅट्रिमोनी साइटवर किंवा डेटिंग अॅपवर जे लिहिलेलं असतं त्यातलं किती खरं धरायचं?

थोडं थोडं खोटं जवळपास सगळ्यांचं असतं, फार मोठं खोटं थोड्यांचं. कॅटलिना टोमा, जेफ हॅनकॉक आणि निकोल एलिसन यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ८० डेटिंग करणाऱ्यांना बोलावून खरोखर टेप आणि वजनकाट्याने मोजलं, वय लायसन्सवरून तपासलं. ८१ टक्के लोकांनी उंची, वजन, वय यापैकी निदान एकात हात मारलेला, पण बहुतेकांचा फरक इतका लहान होता की समोर उभं राहिलं तरी चटकन कळू नये. कारण भेटायचंय हे माहीत असतं, फार ताणलं तर पहिल्याच भेटीत तोंडावर आपटणार.

आपल्याकडे यात अजून एक पदर असतो. प्रोफाइल बरेचदा आई किंवा मामांनी भरलेलं असतं, मग "पगार" या रकान्यात येणारं वार्षिक बोनस पण येतं आणि "स्वभाव: शांत, घरगुती, मनमिळाऊ" हे तर सगळ्यांचंच सेम. तिथे सेल्फ-डिस्क्लोजर शोधू नका, ती जाहिरात आहे आणि सगळ्यांना माहीत असतं की ती जाहिरात आहे.

स्वतःला सहज बदलता येत नाही अशी माहिती जास्त भरवशाची धरतात, म्हणजे दुसऱ्यांनी टॅग केलेले फोटो, जुन्या पोस्टवर मित्रांनी केलेल्या कमेंट, कॉमन ओळखीचं माणूस. ऑर्कुट या जुन्या सोशल साइटवर मित्रांकडून टेस्टिमोनियल (आपल्याबद्दलचे चार शब्द) लिहून घ्यायचो ते आठवतंय का, तो याच जातीचा प्रकार, पण ते पण आपण अॅप्रूव्ह केल्यावरच दिसायचं, त्यामुळे शुद्ध सोनं तेही नव्हतं.

८. प्रत्यक्ष भेटायचं कधी? घाई नको म्हणून आम्ही चार महिने नुसते बोलतोय.

चार महिने जास्त झाले. तुम्हाला वाटतं तुम्ही सावध आहात, पण प्रश्न ३ मधलं चाक तेवढा वेळ फिरतंय आणि डोक्यातला माणूस रोज एक इंच उंच होतोय. आर्टेमिओ रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये डेटिंग साइटवरच्या लोकांचा अभ्यास केला, त्यात भेटायच्या आधी थोडा काळ बोलणं फायद्याचं ठरलं, पण एका मर्यादेपलीकडे जितकं लांबवलं तितकी भेटीत निराशा जास्त.

आधी व्हिडिओ कॉल, मग दिवसाउजेडी गजबजलेल्या जागी तासाभराची भेट, स्वतःच्या गाडीने किंवा रिक्षाने जाऊन, कुठे आणि कुणाला भेटताय ते एका माणसाला सांगून आणि लाइव्ह लोकेशन देऊन. पहिल्या भेटीला लोणावळा नको. एक जण न्यू जर्सीत आणि एक नाशिकला असेल तर भेट लांबणार हे उघड आहे, अशा वेळी निदान ठरलेल्या वेळचे सजवलेले कॉल सोडून अधेमधे अवेळी कॉल करा, भाजी चिरताना, पसारा पडलेला असताना. मजकुरापेक्षा पसारा जास्त सांगतो.

९. भेटलो आणि सगळं फुस्स. चॅटवर एवढं बोलणारा समोर बसून मिसळ खात होता फक्त.

शक्यता दोन. एक, तो लाजाळू आहे आणि टाइप करतानाच त्याला बोलता येतं. जॉन बार्ग, मॅकेना आणि ग्रेन फिट्झसिमन्स यांच्या २००२ च्या प्रयोगांत दिसलं की काही गुण माणसाला स्वतःत आहेत असं वाटतं पण चारचौघांत ते दाखवता येत नाहीत, आणि अनोळखी माणसाशी ऑनलाइन बोलताना ते वर येतात. म्हणजे चॅटवरचा तो नाटकी नव्हता. दुसरी शक्यता, तुम्ही डोक्यात बनवलेला माणूस (प्रश्न २) आणि हा, दोन वेगळे निघाले.

कुठली ते एका भेटीत कळत नाही. अजून दोनदा भेटा, आणि समोरासमोर बसण्यापेक्षा काहीतरी करा, चाला, पुस्तकांचं प्रदर्शन बघा. मध्ये काहीतरी बघायला असलं की लाजाळू माणसाचं तोंड उघडतं. तिसऱ्या भेटीत पण मिसळच चालू असेल तर उत्तर मिळालं.

१०. आधीचा ब्रेकअप, मोडलेलं लग्न, चालू असलेलं औषध हे स्थळ बघताना कधी सांगायचं? आई म्हणते लग्नानंतर सांग.

आईचं ऐकू नका, या एका बाबतीत.

हे सगळं एका पिशवीत घालू नका. कॉलेजमधलं प्रेमप्रकरण ही तुमची खाजगी गोष्ट आहे, सांगायची की नाही आणि किती, हे तुम्ही ठरवायचं. पण आधी झालेलं लग्न, घटस्फोट, मूल, दीर्घ आजार, मोठं कर्ज याचा समोरच्याच्या आयुष्यावर थेट परिणाम होतो, ते होकार द्यायच्या आधी त्याला माहीत असायलाच हवं. कायदा पण तेच म्हणतो. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करायला कोर्टात जाता येतं, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. आणि आधीचा जोडीदार हयात असून कायदेशीर घटस्फोट झालेला नसेल तर ते लग्न मुळातच बाद.

कधी? पहिल्या चॅटमध्ये नको, बायोडेटात घटस्फोट लिहिणं ठीक पण त्याची कहाणी नको. दोघांना पुढे जावंसं वाटतंय असं दिसलं, घरचे यादी करायला बसायच्या आधी, तेव्हा दोघंच असताना तोंडी सांगा, व्हॉट्सअॅपवर टाइप करून नको. का ते पुढच्या प्रश्नात.

११. मी विश्वासाने सांगितलेलं त्याने मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. स्क्रीनशॉटसकट.

वाईट झालं, आणि चूक त्याची आहे, "तू सांगितलंसच कशाला" म्हणणाऱ्यांना फाट्यावर मारा.

सँड्रा पेट्रोनियो यांची मांडणी इथे उपयोगी पडते. गुपित सांगितलं की ते एकट्याचं राहत नाही, ऐकणारा त्याचा सहमालक होतो. पण सहमालकाने त्या गोष्टीचं काय करायचं याचे नियम आपण कधी बोलतच नाही, आपण धरून चालतो की त्याला कळतंय. म्हणून सांगायच्या आधीच बोलून टाका: "हे तुझ्या-माझ्यात, तुझ्या रूममेटला पण नाही." एवढं सांगून सगळे ऐकतीलच असं नाही, पण निम्म्या गळत्या दुष्टपणाने होत नाहीत, निष्काळजीपणाने होतात, त्या तरी थांबतात.

स्टेटस आणि स्टोरीचा धोका वेगळा. तिथे कॉलेजचे मित्र, बॉस, मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे एकाच खोलीत उभे असतात, आणि आपण मात्र एकाच माणसाला उद्देशून टोमणा मारत असतो. त्याला सोडून बाकी सगळ्यांना तो लागतो.

१२. समोरचा माणूस फार पटकन मोकळा होतोय. प्रेम आहे का फ्रॉड?

नुसत्या स्पीडवरून सांगता येत नाही, प्रश्न २ वाचला असेल तर प्रामाणिक माणसं पण पटकन मोकळी होतात हे कळलं असेल. पण फसवणारे याच गोष्टीचा वापर करतात, आधी स्वतःचं दुःख सांगायचं (बायको वारली, मुलगी लहान आहे, परदेशात रिगवर काम करतो), मग तुम्हाला परत काहीतरी सांगावंसं वाटतं (प्रश्न ४), आणि तुम्ही काय सांगता यावरून तुमची दुखरी जागा कळते. पुढे कस्टममध्ये अडकलेलं गिफ्ट, हॉस्पिटलचं बिल, किंवा "माझे काका एका ट्रेडिंग अॅपवर शिकवतात, तू पण बघ".

व्हिडिओ कॉल सतत टळतो, तुम्ही हे सगळं कुणाला सांगू नये असा आग्रह असतो, आणि कुठल्या तरी वळणावर पैसा, ओटीपी किंवा कपड्यांविनाचा फोटो येतो. या तिघांपैकी काहीही मागितलं की बोलणं तिथेच थांबवा, कितीही जीव लागलेला असो.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत गोठवायची शक्यता जास्त, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. फोटो किंवा व्हिडिओवरून ब्लॅकमेल चालू असेल तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. संमतीशिवाय खाजगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही साइट तुमच्या फोनवरच फोटोचा डिजिटल ठसा बनवते, फोटो कुठेही अपलोड होत नाही, आणि त्यात सामील असलेले प्लॅटफॉर्म तो फोटो ओळखून अडवतात. ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे.

आणि घरी कुणालातरी सांगा. लाजेमुळे गप्प राहणं हेच त्यांचं भांडवल असतं.

१३. एखाद्या यूट्यूबरचे व्लॉग रोज बघतो. तो मला भाऊ वाटतो. हे पण नातंच का?

एकतर्फी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच टीव्ही-रेडिओवाल्यांबद्दल हे लिहिलं आणि त्याला पॅरासोशल म्हटलं. तो सांगतो, तुम्हाला कळतं, पण तुमचं त्याला काही कळत नाही. वाईट काही नाही त्यात, एकटं जेवताना सोबत होते. फक्त त्याच्या लग्नाला बोलावलं नाही म्हणून चिडू नका.

१४. मी सगळं एआय चॅटबॉटला सांगते. तो जज करत नाही. यात काय वाईट?

वाईट म्हणण्यापेक्षा हे काय आहे ते समजून घ्या. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम याने एलायझा नावाचा अगदी साधा प्रोग्राम बनवला, तो तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. वायझेनबॉमनेच सांगितलंय की त्याच्या सेक्रेटरीला तो प्रोग्राम कसा बनला हे माहीत असूनही तिने थोडं बोलल्यावर त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. २०१४ मध्ये गेल लुकास आणि सहकाऱ्यांना असंही दिसलं की समोरच्या आभासी मुलाखतकाराला कुणी माणूस चालवत नाहीये असं सांगितलं की लोक जास्त मोकळे होतात.

म्हणजे सांगायला ते बरंच सोपं आहे, आणि प्रश्न ३ मधला लिहिण्याचा फायदा मिळत पण असेल. पण तिथे तुम्ही चिडलात, कंटाळलात, तेच तेच दहादा बोललात तरी त्याचं काही बिघडत नाही, त्यामुळे समोरच्याला सांभाळून घ्यायची जी सवय माणसांत लागते ती लागत नाही. शिवाय चॅट कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तेव्हा नाव, आधार नंबर, दुसऱ्याची गुपितं (ती तुमची एकटीची नाहीत, प्रश्न ११) टाकू नका. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र बॉट नको, माणूसच हवा: टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

१५. बायको एका ऑनलाइन मित्राला आमच्या भांडणांबद्दल सांगते. भेटलेले नाहीत, तसलं काही बोलत पण नाहीत. ही फसवणूक आहे का?

यावर एकच एक उत्तर देणाऱ्यापासून लांब राहा.

भांडणाबद्दल बाहेर बोलणं यात नवीन काही नाही, मैत्रिणीला, बहिणीला बायका-पुरुष सगळेच सांगतात. ती तिच्या बहिणीला सांगते तेव्हा तुम्हाला त्रास होतो का? होत नसेल तर खटकतंय ते सांगणं नाही, तो माणूस आहे. आणि हा सामना तुमच्यासाठी जरा अन्यायाचाच आहे, कारण त्याला फक्त तिचं लिहिलेलं दिसतं, तिला त्याची फक्त समजूतदार उत्तरं दिसतात, आणि त्या उत्तरांशी तुमची तुलना होते, ज्यांना गॅस सिलेंडर लावायचाय, ईएमआय भरायचाय आणि वर समजूतदार पण राहायचंय.

मी बघतो ते एवढंच की ती गोष्ट त्याच्याकडे जाऊन तुमच्याकडे परत येते की तिकडेच राहते. त्याच्याशी बोलून ती शांत होऊन तुमच्याशी बोलायला बसत असेल तर तो माणूस तुमच्या संसाराला मदतच करतोय. तुमच्याशी बोलणं बंद होऊन सगळं तिकडेच जात असेल, तुम्ही खोलीत आलात की स्क्रीन बंद होत असेल, तर बोलायला हवं. तिचा फोन चोरून वाचू नका, त्यातून बोलायचा विषय बदलून "तू माझा फोन वाचलास" हा होतो. आणि हेच सगळं नवऱ्यांना पण लागू, त्यांचे प्रश्न कमी येतात म्हणून ते करत नाहीत असं नाही.

१६. तीन वर्षं रोज बोलतोय, कधी भेटलो नाही आणि दोघांनाही भेटायचं नाहीये. लोक म्हणतात हे खरं नातं नाही. आणि प्रश्न ८ मध्ये तुम्ही पण भेटाच म्हणताय.

प्रश्न ८ जोडीदार शोधणाऱ्यांसाठी आहे. मैत्रीला तो नियम लागू नाही.

वॉल्थरनेच १९९२ मध्ये मांडलं होतं की टेक्स्टवर नातं जमायला वेळ जास्त लागतो, पण पुरेसा वेळ मिळाला तर खोली समोरासमोरच्या नात्याइतकी होऊ शकते. तीन वर्षं हा पुरेसा वेळ आहे. तुमच्यात आता नुसती खोली नाही, रुंदी पण आली असणार (प्रश्न १), म्हणजे त्याची पाठदुखी, तिचा पाणीकपातीवरचा वैताग, कंटाळवाणे दिवस, एकमेकांवर रुसून परत बोलणं. पहिल्या आठवड्याच्या फुग्यात हे काहीच नसतं. भेटायची इच्छा नसण्यामागे पण कारणं असतात, आजारपण, घरची परिस्थिती, किंवा जे चाललंय ते असंच आवडतं, आणि त्याचा खुलासा लोकांना द्यायची गरज नाही. फक्त एकालाच भेटायचं नसेल आणि दुसरा मन मारून "मला पण नको" म्हणत असेल तर ते एकदा स्पष्ट विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र अशा सगळ्यांना सांगतो. तुमच्या दोघांच्या मध्ये ओळखीचं तिसरं माणूस नाहीये, उद्या एकाचा अपघात झाला, फोन हरवला, तर दुसऱ्याला कळवणार कोण? म्हणून दोघांनी आपापल्या एकेका भरवशाच्या माणसाला "या नावाची व्यक्ती आहे, काही झालं तर तिला कळव" असं सांगून ठेवा. नंबर द्यायचा नसेल तर नुसता ईमेल आयडी पण चालेल.